शेपटीचे पैसे

प्रश्न : आमच्याकडे पाच वर्षांची कुमैत घोडी आहे. मारवाडी आहे. कागद नाहीत, पण कान बघून कोणीही सांगेल. गेल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत नेली होती. मनासारखा भाव आला नाही म्हणून परत आणली. पुतण्याने तिचा नाचतानाचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला, तो पाहून दुबईहून एकाचा निरोप आला. आम्ही साडेचार लाख सांगितले, त्याने एका शब्दात कबूल केले. सहा लाख नव्वद हजार पाठवल्याची बँकेची पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आली आहे. वरचे दोन लाख चाळीस हजार घोडी नेणाऱ्या कंपनीला आम्ही द्यायचे, असं तो म्हणतो. पैसे अजून खात्यात दिसत नाहीत. तो म्हणतो, परदेशातले आहेत, दोन दिवस लागतात, पण विमानातली जागा आज रात्रीच बंद होईल. पुतण्याने त्याला आधार कार्ड आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला आहे. आमचे आबा म्हणतात, ‘घोडी दखी नही नि पैसा देस? कसा काय भो?’ न पाहिलेल्या परदेशी गिऱ्हाइकाला घोडी सुरक्षितपणे विकायची कशी? घोडी ट्रकमध्ये चढायला त्रास देते, बाकी काही खोड नाही.
— एक वाचक, रनाळे, जि. नंदुरबार

उत्तर : ते दोन लाख चाळीस हजार कोणालाही देऊ नका. विमानातली जागा आज रात्री बंद होते म्हणतो ना, होऊ द्या. एवढं करून मग पुढचं सावकाश वाचा, कारण तुमचा प्रश्न मोठा आहे आणि आबांचा त्याहून मोठा.

न बघता घोडा घेणारी माणसं जगात असतात का? असतात. रेसच्या घोड्यांचे मालक स्वतः तबेल्यात वाकून खूर थोडेच बघतात? पण त्यांचा माणूस बघतो, पशुवैद्य बघतो, पायांचे एक्स-रे निघतात, वंशावळ तपासली जाते. भारतातल्या थरोब्रेड घोड्यांची वंशनोंद पुण्यात ठेवली जाते ती याच कामासाठी. मालकाने न पाहिलेला घोडा विकला जातो, पण कोणीच न पाहिलेला घोडा सहसा विकला जात नाही. तुमच्या सौद्यात त्या दुबईकराच्या वतीने घोडीला बघणारे डोळे कोणाचे आहेत, ते शोधा. तिथेच घोडं पेंड खातंय.

तुम्ही सारंगखेड्याला जाऊन आलेले आहात, तेव्हा बाजार मी तुम्हाला काय सांगणार! तरी एक बघितलेलं सांगतो. तापीकाठच्या त्या बाजारात एका दुपारी मी नुसताच हिंडत होतो. धोतर, डोक्याला रुमाल, पायात धुळीने पांढऱ्या पडलेल्या वहाणा, असे एक गृहस्थ एका घोडीपाशी उभे होते. आधी ते तिच्याकडे बघतच नव्हते, मालकाशी पाऊसपाण्याचं बोलत होते. मग सहज हात लावावा तसा मानेवर हात ठेवला, तो खाली गुडघ्यापर्यंत नेला, नळीवर अंगठा दाबून क्षणभर थांबले. चारही पाय उचलून तळवा बघितला, नाल ठोकून वाजवून पाहिला. ओठ वर करून दात बघितले. समोरचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या आसपास पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं, म्हणून मालकाने सांगितलेलं वय आणि तोंडातलं वय जुळवायला या माणसांना चष्माही लागत नाही. एका डोळ्यावर तळहात धरून दुसऱ्यापुढे बोट फिरवलं. गळ्याशी देवमण आहे का पाहिलं, आणखी कुठे कुठे भोवरे आहेत ते मोजले. (भोवऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण ज्याचा आहे त्याच्याकडून भोवऱ्यापायी भाव पाडून घेतलेले मालक मी बघितलेत, तेव्हा बाजारात माझ्या मताला किंमत शून्य.) मग घोडी चालवायला सांगितली, पळवायला सांगितली, आणि ते चहा प्यायला निघून गेले. तासाभराने परत आले. मग कुठे उपरण्याखाली दोघांचे हात गेले आणि बोटं मोजली जाऊ लागली. एवढं करूनही त्या दिवशी सौदा झाला नाही.

आणि तुमचा दुबईकर एका शब्दात साडेचार लाखांना हो म्हणतो! त्याने घोडीचं वय विचारलं का? दात दाखवा म्हणाला का? लंगडते का, खोकते का, गाभण आहे का, कधी काही दुखणं झालं होतं का? तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. त्याने विचारलं ते आधार आणि पासबुक.

समजा, तो खरा आहे. त्याला खरंच तुमची कुमैत आवडलीय. तरी पहिला अडसर पैशांचा नाही. तुमची घोडी देशाबाहेर जाऊ शकते का, हा आहे.

मारवाडी, काठियावाडी आणि मणिपुरी या आपल्या देशी जातींचे घोडे परदेशी पाठवण्यावर केंद्र सरकारचे निर्बंध आहेत. विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना असल्याशिवाय ते पाठवता येत नाहीत, आणि हा परवाना मागितला की मिळाला असा प्रकार नाही. मारवाडी घोड्यांची निर्यात अनेक दशकं बंदच होती. २००० साली दार किलकिलं झालं आणि पहिला मारवाडी घोडा अमेरिकेत पोहोचला. फ्रान्चेस्का केली नावाच्या बाईंनी त्यासाठी बरीच खटपट केली होती. २००० ते २००६ या सहा-सात वर्षांत मिळून एकवीस घोडे बाहेर गेले. मग इथली मूळ पैदासच घटेल अशी भीती व्यक्त झाली आणि २००६ मध्ये परवाने थांबले. त्याच वर्षी एक मारवाडी पॅरिसजवळच्या शांतियीच्या अश्वसंग्रहालयाला भेट म्हणून गेला. नंतर २००८ पासून थोड्या घोड्यांना तात्पुरतं बाहेर नेऊन परत आणण्याची मुभा मिळू लागली. परत आणण्याची, हे लक्षात घ्या.

सगळ्या देशातून, मोठमोठ्या राजघराण्यांच्या पागांतून, ओळखीपाळखी असलेल्या लोकांनी धडपडून जे एकवीस घोडे नेले, त्या वाटेने रनाळ्याची बिनकागदांची घोडी आज रात्रीच्या विमानाने निघालीय, असं तो तुम्हाला सांगतोय. तुम्ही म्हणाल, कागद नाहीत म्हणजे ती मारवाडी आहे हे तरी कोण सिद्ध करणार? खरं आहे. पण बाजारात भाव सांगताना मारवाडी आणि परवान्याच्या अर्जावर नुसतीच घोडी, ही कसरत करायची असेल तर तिचे ते आत वळून टोकाला टोक भिडवणारे कान कुठे लपवाल?

परवान्याच्या पुढे रोगांचं प्रकरण आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण परदेशी घोडेवाला सगळ्यात जास्त यालाच घाबरतो. ग्लँडर्स हा आजार आपल्याकडे अधूनमधून डोकं वर काढतो. २००६ मध्ये महाराष्ट्रातही तो आढळला होता. त्यावर लस नाही, तो माणसालाही होतो, आणि जनावराला असल्याचं सिद्ध झालं तर २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याप्रमाणे ते मारावं लागतं. म्हणून कोणताही देश घोडा आत घेण्यापूर्वी त्याची रक्ततपासणी मागतो. ग्लँडर्सची, अश्व-रक्तक्षयाची, गोचिडांमुळे होणाऱ्या पायरोप्लाझ्मोसिसची, आणखीही काही. आपल्याकडे या तपासण्यांसाठी हिसारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र आहे. तपासण्यांनंतर काही दिवस घोडा वेगळा बांधून ठेवायचा, मग मुंबईच्या पशू विलगीकरण व प्रमाणन सेवेने आरोग्याचा दाखला द्यायचा, आणि तो दाखला घेणाऱ्या देशाच्या अटींशी ओळीला ओळ जुळला पाहिजे.

हे किती अवघड आहे ते आपल्या घोडेस्वारांना विचारा. फुआद मिर्झा टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरला तो जर्मनीत राहून, तिथल्या घोड्यावर सराव करून. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात भारताच्या संघाने सुवर्ण मिळवलं. त्यात आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. तेही सगळे युरोपात राहून शिकलेले. इथला घोडा इथून थेट स्पर्धेला नेणं जवळपास अशक्य होतं. आफ्रिकन हॉर्स सिकनेस या रोगातून मुक्त देश म्हणून भारताला २०१४ मध्ये मान्यता मिळाली, तरी बाकीचे रोग होतेच. आता जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यक केंद्रातल्या एका बंदिस्त परिसराला जागतिक पशुआरोग्य संघटनेने अश्वरोगमुक्त म्हणून मान्यता दिली आहे. म्हणजे सरकारने, लष्कराने आणि शास्त्रज्ञांनी मिळून कुंपण घालून, माश्या-गोचिडांचा बंदोबस्त करून तयार केलेला तो एक कप्पा, आणि तोही मुख्यतः खेळाच्या घोड्यांसाठी. तुमचा गोठा त्या कप्प्यात येत नाही. घोडी ठणठणीत असली तरी.

पैशांकडे वळण्याआधी थोडा इतिहास सांगतो. कंटाळा आला तर हा भाग सोडा, पण मला तो सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण समुद्रापलीकडे घोडा विकण्यातलं सगळं दुखणं त्यात आहे.

सोळाव्या शतकात फर्नांव नुनिश नावाचा एक पोर्तुगीज विजयनगरात तीनेक वर्षं राहिला. तो स्वतः घोड्यांचा व्यापारी. त्याने विजयनगरच्या राजांची हकिकत लिहून ठेवली आहे. तीत तो साळुव नरसिंहाबद्दल सांगतो की हा राजा ओर्मुझ आणि एडनहून येणारे घोडे परदाव नावाच्या हजार नाण्यांना तीन या भावाने घ्यायचा, जिवंत असोत की मेलेले. प्रवासात घोडा मेला, तर व्यापाऱ्याने नुसती त्याची शेपटी आणून दाखवायची. राजा जिवंत घोड्याइतकेच पैसे मोजायचा.

शेपटीचे पैसे! राजाला वेड लागलं नव्हतं. त्याला घोडदळ हवं होतं, घोडे अरबस्तानातून येणार होते, आणि वाटेतलं नुकसान आपल्या अंगावर पडणार असेल तर व्यापारी दुसरीकडे वळले असते. म्हणून त्याने वाटेतली जोखीम आपल्याकडे घेतली. आजही परदेशी सौद्यात पहिला प्रश्न तोच असतो. घोडा कोणत्या जागी विकणाऱ्याचा राहत नाही आणि घेणाऱ्याचा होतो? गोठ्याच्या दारात, विमानतळावर, की पलीकडे उतरल्यावर? त्या रेषेच्या पुढे घोडा मेला तर शेपटी कोणाच्या हातात?

दुसरा राजा आपल्या ठाण्याचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने त्याच्याबद्दल लिहिलंय. किनाऱ्यावरचे चाचे समुद्रात व्यापाऱ्यांची गलबतं लुटायचे आणि राजाने त्यांच्याशी ठराव केला होता : लुटीत जे घोडे सापडतील ते माझे, बाकीचा माल तुमचा. राजाकडे घोड्यांची टंचाई होती आणि समोरून अरबी घोड्यांनी भरलेली गलबतं जात होती. पागा भरली, खर्च एक दामाचा नाही.

तर गिऱ्हाईक विजयनगरचं आहे की ठाण्याचं, हे आधी ओळखावं लागतं. तुमचा दुबईकर ठाण्याच्याही पुढचा आहे. ठाण्याच्या राजाला निदान घोडा तरी हवा होता.

(विकणारे धुतल्या तांदळासारखे होते असंही समजू नका. त्याच मार्को पोलोने लिहिलंय की तमिळ किनाऱ्याच्या राजांना घोडे विकणारे व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊ देत नसत. घोड्यांची निगा कोणाला कळू नये, ते मरत राहावेत आणि दरवर्षी नवे विकत घ्यावे लागावेत म्हणून.)

आता तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरची ती पावती. ती पावती म्हणजे चित्र आहे. बँकेचं बोधचिन्ह, क्रमांक, तारीख, सही, सगळं फोनवर पाच मिनिटांत बनतं. पैसे आले की नाही हे फक्त तुमचं खातं सांगू शकतं. तेही मोबाइलवर आलेल्या संदेशावरून नाही, बँकेत जाऊन साहेबाला विचारून. दोन दिवस लागतात म्हणतो, मान्य. मग दोन दिवसांनी बोला. पण तुमच्याकडून जाणारे दोन लाख चाळीस हजार आजच हवेत आणि त्याच्याकडून येणारे सहा लाख नव्वद हजार परवा. एवढा एक हिशेब मांडला की बाकी काही तपासायची गरज उरत नाही. जास्तीचे पाठवले, वरचे अमक्याला द्या, ही युक्ती जुनी आहे. घोडी, ट्रॅक्टर, जुनी मोटार, भाड्याची खोली, जे विकायला काढाल त्याला ती चिकटते. मिलिटरीतला साहेब बोलतोय, क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील, ही तिचीच धाकटी बहीण. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

याहून वाईट एक प्रकार आहे आणि तो कमी लोकांना माहीत असतो. समजा, दोन दिवसांनी खरंच तुमच्या खात्यात सहा लाख नव्वद हजार आले. तुम्ही म्हणाल, आता तरी माणूस खरा निघाला. पण ते पैसे दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाचे असू शकतात, नागपूरच्या निवृत्त शिक्षकाचे किंवा कोचीच्या एखाद्या नर्सबाईंचे. त्यांनी तक्रार केली की पोलीस पैशांचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक खातं गोठवते. तोवर तुम्ही त्यातले दोन लाख चाळीस हजार ‘वाहतूक कंपनी’ला पाठवून मोकळे झालेले असता. म्हणजे चोराच्या दृष्टीने घोडी कधी मालच नव्हती. माल म्हणजे तुमचं खातं. मिरचीचे पैसे आले असतील तर तेही त्यातच अडकतील. नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळवून, बाजारात घालून जे काही जमा झालं असेल ते. मग शाखेच्या आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, आणि प्रत्येक ठिकाणी घोडीची गोष्ट पहिल्यापासून.

म्हणून पुतण्याचं आधी बघू. आधार आणि पासबुकाचं पान गेलंय, ते परत येत नाही. आजच बँकेत जा, झालेलं सांगा, खात्यावर लक्ष ठेवायला सांगा, पिन आणि पासवर्ड बदला. आधारची बायोमेट्रिक ओळख ऑनलाइन बंद करून ठेवता येते, ती करा. १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. पैसे गेलेले नसतानाही कळवा, कारण नंतर वरातीमागून घोडे नाचवण्यापेक्षा आज नोंद झालेली बरी. त्या माणसाचे निरोप पुसून टाकू नका. पुतण्याला रागावू नका. व्हिडिओ त्याने चांगलाच काढला असणार.

आता समजा, एखाद दिवशी खरंच परदेशी गिऱ्हाईक आलं, आणि परवानाही मिळण्याजोगा आहे. तर ते कसं वागेल, ते सांगतो. आधी तो तुमच्याकडून एकाच सलग दृश्याचा व्हिडिओ मागेल. मधे तोडलेला नको, गाणं लावलेला नको, नाचताना तर मुळीच नको. कडक जमिनीवर सरळ चालत जाणारी, सरळ चालत येणारी, मग दुडकी. चारही खूर खालून. दात. दोन्ही डोळे उजेडात. मग तो इथल्या एका पशुवैद्याला, तुमच्या नाही, त्याच्या पसंतीच्या, तपासणीसाठी पाठवेल आणि फी तो देईल. मायक्रोचिप आहे का विचारेल, कारण त्याशिवाय रक्ताचा अहवाल याच घोडीचा आहे हे कोण सांगणार? त्याच्या देशाचा आयात परवाना तो स्वतः काढेल. वाहतूकदार तो नेमेल आणि त्याचे पैसे थेट तोच देईल. तुमच्या हातून एक रुपयाही कोणाला द्यायला सांगणार नाही. विमानातलं ठाण, सोबत जाणारा माणूस, विलगीकरणाचा खर्च, सगळं मिळून घोडीच्या किमतीच्या वर जाण्याचीच शक्यता. त्यामुळे साडेचार लाखांच्या घोडीसाठी असा खटाटोप करणारा माणूस तिच्यात काहीतरी खास पाहूनच आलेला असेल, आणि मग तो भावाची घासाघीस केल्याशिवाय राहणार नाही.

तुम्ही तुमच्या बाजूने एवढंच धरून बसा : घोडी रनाळ्यात, आमच्या दारात ताब्यात घ्यायची. पूर्ण रक्कम बँकेने कायम जमा झाल्याचं लिहून दिल्यावरच दोर सुटेल. दारातून बाहेर पडल्यावर घोडीला काही झालं तर तिचा विमा तुमच्या नावे, आम्ही जबाबदार नाही. हे कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी. आपल्याकडून माल बाहेर पाठवायचा तर आयात-निर्यात क्रमांकही लागतो. तो तुम्ही काढायचा की इथला एखादा निर्यातदार मधे घ्यायचा, हे आधी ठरवावं लागतं. गावच्या शाखेत परकीय चलनाचं काम होत नसेल तर ते मोठ्या शाखेकडे पाठवतात. तिथे ‘घोडी विकायचीय, पैसे बाहेरून येणार’ हे आधीच सांगून ठेवा. आणि परवाना हातात येईपर्यंत बाहेरून एक पैसाही घेऊ नका. निर्यातीच्या नावाने पैसे घेतले आणि घोडी गेलीच नाही, तर बँक तुम्हाला विचारणार.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ट्रकमध्ये चढायला त्रास देते, बाकी काही खोड नाही. बरं केलंत, हे लिहिलंत. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात फसवणूक म्हणजे काय हे समजावताना चक्क घोड्याचीच उदाहरणं दिली आहेत. लिलावात एकाने खोड असलेला घोडा विकला आणि खोडीबद्दल गप्प बसला, तर ती फसवणूक नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निकोप धरतो’, आणि विकणारा तेव्हाही गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्याइतकंच धरलं जातं. आणि घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच त्याला खोड सांगावी लागते. दीडशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्याने घोडेबाजार चांगलाच बघितला असावा. फोनवर, न बघता होणाऱ्या सौद्यात घेणारा जवळजवळ नेहमीच त्या दुसऱ्या उदाहरणातल्यासारखं विचारत असतो. तेव्हा ट्रकचं सांगून टाका. लपवलेली खोड गिऱ्हाइकाच्या गोठ्यात पहिल्याच सकाळी उघडी पडते. हे परदेशी गिऱ्हाइकालाच नाही, पंजाब-गुजरातच्या गिऱ्हाइकालाही लागू आहे, आणि तुमच्या घोडीला खरं गिऱ्हाईक तिकडूनच यायची शक्यता जास्त. ते लोकही आता व्हिडिओवर पसंत करतात, पण पैसे द्यायच्या आधी माणूस पाठवतात.

त्या दुबईकराला उत्तर काय द्यायचं, असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेल. त्याला लिहा : घोडी दत्तजयंतीला सारंगखेड्याला असेल, तुम्ही किंवा तुमचा माणूस या, दात बघा, चालवून बघा, सौदा तिथेच करू. तो पुन्हा विमानाची जागा, विमानाची जागा करू लागला तर क्रमांक बंद करा. या निरोपावर तो खरंच आला, तर मला कळवा. मी चहा पाजायला येतो.

आणि यात्रेला अवकाश आहे तोवर घोडीला ट्रक शिकवा. रिकामा ट्रक बांधाच्या उताराला असा उभा करा की फळी जमिनीशी जवळपास सपाट होईल. फळीवर गोणपाट आणि त्यावर पेंढा टाका, म्हणजे टापेखाली आवाज होणार नाही. तिच्या ओळखीचं एखादं जनावर आधी चढवा. चंदीची पिशवी आत पुढे टांगा. पहिले चार दिवस नुसते पुढचे दोन पाय फळीवर ठेवू द्या आणि परत फिरवा. मागून कोणी काठी घेऊन उभं राहू नका, पुतण्याही नाही. तरीही नाहीच चढली, तर दोंडाईच्यावरून चालवत न्या. आबा बरोबर असतील तर वाटेत दोन गिऱ्हाइकं तेच गाठतील.